युद्धनौकेवरची वस्तू: ती जहाजावरून उतरली कशी, इथून सुरुवात करा

युद्धात लढलेल्या जहाजाची एखादी वस्तू समोर आली की डोळे आधी तिच्यावरचं नाव शोधतात. पितळी पट्टीवर ‘एचएमएस वॉरस्पाइट’ असं ब्रिटिश युद्धनौकेचं नाव वाचलं की पुढचं काही विचारावंसंच वाटत नाही. पण पट्टीवर नाव कोरणं हे या सगळ्यातलं सर्वांत सोपं काम आहे. म्हणून संग्राहकाने पहिला प्रश्न वेगळा विचारायचा: ही वस्तू जहाजावरून खाली उतरली कशी?

युद्धनौकेवरून वस्तू बाहेर पडायच्या वाटा मोजक्याच असतात. जहाज भंगारात निघालं तेव्हा, गोदीत मोठी दुरुस्ती झाली तेव्हा, खलाशाच्या सामानातून, टपालाने, कोणाला दिलेली भेट म्हणून, किंवा जहाज बुडाल्यावर समुद्रतळातून. प्रत्येक वाट वस्तूवर आणि तिच्या कागदांवर आपली खूण ठेवते. विक्रेता सांगतो ती वाट आणि वस्तूवर दिसणारी खूण यांचा मेळ बसतो का, एवढंच तपासायचं असतं. पुढचं सगळं याच तपासणीबद्दल आहे.

आधी एक जहाज निवडा

‘नौदलाच्या जुन्या वस्तू’ असा मोकळा संग्रह सुरू केला की ज्ञान पसरट राहतं आणि फसगत वाढते. एक जहाज, फार तर एका वर्गातली, म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेली, दोन-तीन जहाजं घ्या. मग खरेदीला हात न लावता त्या जहाजाचा कालपट मांडा: बांधणी, जलावतरण, सेवेत दाखल होण्याची तारीख, गोदीतल्या प्रत्येक मोठ्या दुरुस्तीचा काळ, मोहिमा, लढाया आणि शेवट.

अमेरिकी जहाजांसाठी त्यांच्या नौदलाच्या इतिहास विभागाचा जहाजांचा कोश ऑनलाइन खुला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात डेकवरच्या रोजनोंदी आणि खलाशांच्या हजेरीपटाच्या याद्या आहेत. ब्रिटिश जहाजांच्या रोजनोंदी लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एडीएम ५३’ या मालिकेत सापडतात. हजेरीपट फार कामाचा. एखाद्या खलाशाच्या नावाची वस्तू विकायला आली की तो माणूस त्या महिन्यात खरोखर त्या जहाजावर होता का, हे त्यावरून कळतं.

कालपटाने काय साधतं ते ‘एचएमएस हूड’वरून पाहा. २४ मे १९४१ रोजी ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेशी झालेल्या लढतीत हूडचा स्फोट झाला. १,४१८ माणसांपैकी तिघेच वाचले. म्हणजे त्या दिवशी जहाजावर जे काही होतं ते तळाशी गेलं. अलीकडे समुद्रतळातून काढलेली घंटा सोडली, तर आज जमिनीवर असलेली हूडची कोणतीही अस्सल वस्तू त्याआधी कधीतरी उतरलेली असली पाहिजे. घरी पाठवलेली पत्रं, बदली होऊन गेलेल्या खलाशाचं सामान, दुरुस्तीत काढलेले भाग, १९२३-२४ च्या जगप्रवासात बंदरोबंदरी वाटलेल्या आणि विकलेल्या आठवणवस्तू. ‘शेवटच्या लढाईच्या वेळी ब्रिजवर (जिथून जहाज हाकतात तिथे) असलेलं घड्याळ’ असं कोणी म्हणालं, तर तिथेच संवाद संपवायचा.

याउलट अमेरिकेची ‘यूएसएस एंटरप्राइझ’. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या जवळपास प्रत्येक मोठ्या लढाईत उतरलेली ही विमानवाहू नौका १९५८ साली भंगारात विकली गेली आणि न्यू जर्सीतल्या कर्नी इथे तिची तोडणी झाली. तिचे भाग बाहेर पडण्याची वाट उघडी होती. त्यामुळे तिच्या पाट्या, दिवे, झडपा बाजारात दिसणं नवलाचं नाही. तिच्या मागच्या बाजूची नावाची मोठी पाटी न्यू जर्सीतल्या रिव्हर व्हेलमध्ये, तर घंटा अॅनापोलिसच्या नौदल अकादमीत आहे. जहाजाचे मोठे भाग कुठे आहेत याची यादी आधीच करून ठेवा. जी वस्तू संग्रहालयात आहे, तीच कोणी विकायला काढली तर लगेच लक्षात येईल.

भंगाराच्या धक्क्यावरून आलेलं लाकूड आणि धातू

सगळ्यात जास्त मिळणारा आणि नवख्याला सगळ्यात आधी भेटणारा प्रकार हाच. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात ब्रिटनमधल्या जहाजतोडणी कंपन्यांनी डेकच्या सागवानापासून मेणबत्तीचे स्टँड, राखदाण्या, छोटी पिंपं, बाकं बनवून विकली. त्यावर ‘अमुक जहाजाच्या सागवानापासून’ अशी पितळी पट्टी ठोकलेली असायची. या वस्तू प्रामाणिक आहेत आणि संग्रहाची सुरुवात करायला उत्तम.

धोका पट्टीत आहे. साध्या जहाजाच्या राखदाणीवरची पट्टी काढून प्रसिद्ध जहाजाची लावली की काम झालं. म्हणून पट्टीच्या कडेने भिंग फिरवा. पट्टी ऐंशी वर्षं जागेवर असेल तर तिच्या कडेला मळ, मेण आणि पॉलिश साचून बारीक काळी रेघ तयार झालेली असते. ती रेघ आणि लाकडाचा रंग एकमेकांत मिसळलेले असतात. पट्टी बदलली असेल तर जुन्या पट्टीची फिकट सावली नव्या पट्टीच्या बाहेर डोकावते, किंवा भरून टाकलेली स्क्रूची जुनी भोकं दिसतात. स्क्रूच्या खाचेत ताजी चमक असेल तर तो नुकताच फिरवला गेला आहे. पट्टी उघडून बघायचा मोह मात्र आवरा. न उचकटलेली पट्टी हाच तुमच्याकडचा पुरावा आहे.

काही जहाजं आजही संग्रहालय म्हणून उभी आहेत. त्यांचा कुजलेला डेक बदलताना निघालेलं लाकूड संग्रहालयच अधिकृतपणे विकतं. अशा तुकड्यासोबत आलेलं प्रमाणपत्र लाकडाइतकंच जपा. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवा: डेकचं लाकूड जहाजाच्या आयुष्यात अनेकदा बदललेलं असतं. तुमचा तुकडा जहाजाचा असेल, पण युद्धाच्या वेळी तो डेकवर होताच असं नाही. प्रमाणपत्रात काळ लिहिलाय का, ते पाहा.

वितळवलेला धातू हा आणखी वेगळा विषय. ट्रफाल्गरच्या लढाईच्या शताब्दीला, १९०५ साली, त्या लढाईतल्या ‘एचएमएस व्हिक्टरी’चं तांबं वापरून आठवणवस्तू काढल्या गेल्या. १९७१ च्या युद्धात लढलेल्या ‘विक्रांत’चं पोलाद २०१६ साली बाजारात आलेल्या मोटारसायकलींमध्ये वापरलं गेलं. वितळल्यावर धातू इतर धातूत मिसळतो. त्यानंतर कोणतीही तपासणी त्या वस्तूचं जहाजाशी असलेलं नातं सिद्ध करू शकत नाही. इथे फक्त बनवणाऱ्याचा शब्द आणि कागद. त्यावर भरवसा असेल तर घ्या.

खलाशाच्या सामानातून: टोपीची रिबन

एक वस्तू हातात धरून तपासायला शिकायची असेल तर ती खलाशाच्या टोपीभोवती बांधलेली, जहाजाचं नाव विणलेली काळी रिबन. छोटी, हलकी, बनावटींनी गजबजलेली.

लोकांना वाटतं की युद्धातल्या खलाशाच्या टोपीवर त्याच्या जहाजाचं नाव असणार. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. कोणतं जहाज कुठल्या बंदरात आहे हे शत्रूच्या हेरांना कळू नये म्हणून दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने रिबनवर फक्त ‘एच.एम.एस.’ एवढीच अक्षरं ठेवली. जर्मन खलाशांच्या रिबनवर नुसतं ‘क्रीग्समरीन’, म्हणजे जर्मन नौदल, एवढंच आलं. अमेरिकेने १९४१ सालीच जहाजाचं नाव काढून ‘यू.एस. नेव्ही’ केलं. त्यामुळे जहाजाचं नाव असलेली रिबन ‘१९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं त्या दिवशी वापरलेली’ म्हणून कोणी विकत असेल, तर रिबन अस्सल असूनही गोष्ट खोटी असू शकते. ती युद्धाआधीची किंवा नंतरची असण्याची शक्यता जास्त.

आता रिबन उलटी करा. विणलेल्या अक्षरांचे धागे मागच्या बाजूला आडवे गेलेले दिसायला हवेत. छापलेली किंवा यंत्राने भरतकाम केलेली अक्षरं असतील तर थांबा. खरंच वापरलेल्या रिबनला गाठीच्या जागी कायमच्या चुण्या पडलेल्या असतात आणि टोपीच्या गोलाईवर बसलेला भाग किंचित फिका असतो. कोरी करकरीत रिबन बनावटच असते असं नाही, कारण जादा रिबन अनेकांच्या पेटीत पडून राहिल्या. पण ‘वापरलेली’ असा दावा असेल तर वापर दिसला पाहिजे.

शेवटी अतिनील टॉर्च. महायुद्धानंतर धाग्यांमध्ये आणि कागदात चमक आणणारी रसायनं सर्रास आली आणि ती या प्रकाशात निळसर-पांढरी झळकतात. झळकणारा धागा शंका घ्यायला पुरेसा आहे, निकाल द्यायला नाही. आजच्या डिटर्जंटमध्ये धुतलेलं जुनं कापडही तसंच झळकतं.

टपालातून: माझ्या मते सर्वांत भरवशाची वाट

संग्रह सुरू करणाऱ्याला मी धातूच्या आधी कागद घ्या असंच सांगेन. पाकिटावर तारीख असते, माणूस असतो, पत्ता असतो आणि टपालखात्याचा स्वतंत्र शिक्का असतो. इतके पुरावे एका पितळी झडपेवर कधीच नसतात.

अमेरिकी युद्धनौकांवर स्वतःचं टपाल कार्यालय असायचं. युद्धाआधीच्या शिक्क्यात जहाजाचं नाव गोलात दिसतं, आणि शेजारच्या आडव्या रेघांमध्ये कधी कधी बंदराचं नावही असतं. ही तारीख आणि हे बंदर रोजनोंदीशी ताडून पाहा. जहाज त्या दिवशी भलतीकडेच असेल तर पाकीट बाजूला ठेवा. पर्ल हार्बरला बुडालेल्या ‘अॅरिझोना’च्या शिक्क्याची पाकिटं फार मागितली जातात. साहजिकच तिथे खोटे शिक्केही आहेत.

अमेरिका युद्धात उतरल्यावर शिक्क्यातून जहाजांची नावं गेली आणि नुसतं ‘यू.एस. नेव्ही’ उरलं. मग जहाज ओळखायचं कसं? पाकिटाच्या डाव्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याच्या हस्ताक्षरात जहाजाचं नाव आणि ‘फ्लीट पोस्ट ऑफिस’चा पत्ता असतो. १९४२ च्या वसंतापासून सैनिकांचं साधं टपाल मोफत झालं, म्हणून तिकिटाच्या जागी हाताने ‘फ्री’ लिहिलेलं सापडतं. शिवाय सेन्सॉरचा शिक्का आणि त्यात तपासणाऱ्या अधिकाऱ्याची आद्याक्षरं. ती आद्याक्षरं जहाजावरच्या एखाद्या अधिकाऱ्याशी जुळली तर पाकीट त्या जहाजाला घट्ट बांधलं जातं. हे जुळवण्यात एखादी संध्याकाळ जाते, आणि या छंदातला मला सर्वांत जास्त आनंद तिथेच मिळतो.

पाकिटात पत्र असेल तर ते वेगळं विकू नका, वेगळं ठेवूही नका.

जहाजावरच छापलेल्या कागदांचं मोल आणखी वेगळं. २ सप्टेंबर १९४५ रोजी अमेरिकेच्या ‘मिझुरी’ या युद्धनौकेवर जपानच्या शरणागतीवर सह्या झाल्या. तेव्हा जहाजावर हजर असलेल्यांना पाकिटात मावेल एवढं कार्ड देण्यात आलं. त्यावर अमेरिकी सेनानी मॅकआर्थर, निमित्झ, हॅल्सी आणि जहाजाचा कप्तान मरे यांच्या छापील सह्या आहेत. या सह्या कोणी ‘हस्ताक्षर’ म्हणून विकत असेल तर भिंगातून पाहा, छपाई ओळखू येते. नाव लिहिलेलं कार्ड असेल तर हजेरीपट उघडा.

बोधचिन्हं, पदकं, घंटा

ब्रिटिश जहाजांची अधिकृत बोधचिन्हं पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झाली आणि त्यांचा आकार जहाजाच्या प्रकारावर ठरायचा: मोठ्या युद्धनौकांना वर्तुळ, क्रूझरना पंचकोन, विनाशिकांना ढाल, इतरांना पत्त्यातल्या चौकटसारखा आकार. पुढे सगळ्यांनाच वर्तुळ झालं. म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या विनाशिकेचं ‘त्या काळचं’ बिल्ला-चिन्ह गोल असेल तर ते बहुधा नंतरचं आहे.

पदकांच्या बाबतीत एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा. युद्धातलं पदक बहुधा जहाजाचं नाव सांगत नाही. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश नौदल पदकांच्या कडेवर किंवा मागे नंबर, नाव आणि हुद्दा असतो, जहाज नसतं. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश खलाशांचे ‘स्टार’, म्हणजे ताऱ्याच्या आकाराची पदकं, तर नावाशिवायच दिली गेली. जहाजाशी नातं जोडायचं तर त्या माणसाची सेवापत्रिका हवी. एक सुंदर अपवाद आहे. ९ नोव्हेंबर १९१४ रोजी ऑस्ट्रेलियाच्या ‘सिडनी’ने जर्मन ‘एम्डेन’ला कोकोस बेटांपाशी गाठून निकामी केलं. एम्डेनवर सापडलेल्या मेक्सिकन चांदीच्या नाण्यांवर नंतर कोंदण चढवून पदकं बनवली गेली आणि ती सिडनीच्या खलाशांना मिळाली. तिथे धातू स्वतःच शत्रूच्या जहाजावरचा आहे.

घंटेचा मोह सगळ्यांना होतो आणि बनावटही तिचीच सर्वाधिक. अमेरिकी युद्धनौकांच्या घंटा जहाज निवृत्त झाल्यावरही नौदलाच्याच मालकीच्या राहतात आणि संस्थांना उसन्या दिल्या जातात. खासगी विक्रीत अशी घंटा दिसली तर आधी मालकीचा प्रश्न. ब्रिटिश जहाजांवर अधिकाऱ्यांच्या आणि खलाशांच्या मुलांचा बाप्तिस्मा घंटा उलटी करून तिच्या पाण्याने व्हायचा आणि मुलांची नावं घंटेवर कोरली जायची. अशी नावं असतील तर ती सगळी टिपून चर्चच्या नोंदींशी ताडता येतात. हूडची घंटा ऑगस्ट २०१५ मध्ये समुद्रतळातून काढून आता पोर्ट्समथच्या संग्रहालयात ठेवली आहे. तिच्यावरच्या मजकुरावरून ती आधी त्याच नावाच्या जुन्या जहाजावर होती हेही कळतं.

समुद्रतळातून आलेली वस्तू घेऊ नका

इथे माझं मत ठाम आहे. बुडालेली युद्धनौका ही तिच्यातल्या माणसांची कबर आहे. कायदाही तेच सांगतो. ब्रिटनचा १९८६ चा लष्करी अवशेष संरक्षण कायदा आणि अमेरिकेचा २००४ चा बुडालेल्या लष्करी नौकांचा कायदा यांनी अशा अवशेषांना हात लावण्यावर बंधनं घातली आहेत. सरकारची मालकी वर्षं उलटली म्हणून संपत नाही. ब्रिटनच्या किनाऱ्यावर जहाजाचा कोणताही अवशेष सापडला तर २८ दिवसांत संबंधित अधिकाऱ्याला कळवावं लागतं.

मागणी असली की काय होतं ते जावा समुद्रात दिसलं. १९४२ च्या फेब्रुवारीत तिथे बुडालेल्या ‘डी राउटर’ आणि ‘जावा’ या डच क्रूझर २०१६ साली पाणबुडे शोधायला गेले तेव्हा जागेवर नव्हत्याच. भंगारासाठी अख्खी जहाजं उचलली गेली होती. ‘पाणबुड्याने वर आणलेली’ म्हणून विकली जाणारी वस्तू परवानगीच्या कागदाशिवाय घेतली तर तुम्ही त्याच साखळीचा भाग होता.

घरात आणण्याआधी: जीवाला धोका असलेल्या वस्तू

अंधारात वाचता यावीत म्हणून युद्धकाळातल्या घड्याळांच्या, होकायंत्रांच्या आणि मापकांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग असायचा. आता ती तबकडी अंधारात चमकत नसेल तर ती निरुपद्रवी आहे असं समजू नका. चमकणारं रसायन थकलेलं असतं. रेडियमचं अर्धायुष्य मात्र सुमारे १,६०० वर्षांचं आहे. काच उघडू नका, रंग खरवडू नका, झोपायच्या खोलीत ठेवू नका. किरणोत्सार मोजून घ्या आणि वस्तू हवेशीर जागी ठेवा.

तोफगोळ्याच्या रिकाम्या पितळी नळकांड्या बहुधा निर्धोक असतात. बुडाशी कॅलिबर (तोफेच्या नळीचा व्यास) आणि वर्ष ठोकलेलं असतं, आणि मधल्या प्राइमरवर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीवर, आघाताचा खळगा असतो. खळगा नसेल, किंवा पुढचा गोळा आणि फ्यूज (गोळ्याचा स्फोट घडवणारा भाग) जागेवर असेल, तर वस्तूला हात न लावता पोलिसांना कळवा. विक्रेत्याच्या ‘निकामी केलंय’ या शब्दावर विसंबू नका.

इंजिनघरातल्या भागांवर राखाडी-पांढरं तंतुमय आवरण असेल तर ते अॅस्बेस्टॉस असू शकतं. जुन्या रंगात शिसं असतं. दोन्ही कोरडं घासायचं नाही.

जपणूक

पहिला नियम: पॉलिश करू नका. पितळेवरचा काळपट थर, कोरीव अक्षरांत उरलेला नौदलाचा करडा रंग, तोडणीच्या धक्क्यावर खडूने घातलेला आकडा, हे सगळे वस्तूच्या वाटेचे पुरावे आहेत. एकदा चकचकीत केलं की ते परत येत नाहीत. मऊ ब्रशने धूळ काढा आणि हवं असेल तर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या.

कागद आम्लरहित फोल्डरमध्ये किंवा पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा. पीव्हीसीची पाकिटं आणि चिकटपट्टी टाळा. झेंडे घडी घालून ठेवू नका. आम्लरहित नळीवर कागदासह गुंडाळा, कारण जुनी लोकर आधी घडीवरच तुटते. धुवायचा विचारही नको, त्यावरची काजळी कदाचित धुराड्याची असेल. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिली तर उत्तम. कापड आणि कागद मांडायचे असतील तर उजेड ५० लक्सच्या आत ठेवा आणि मूळ वस्तूच्या जागी मधून मधून छायाप्रत लावा.

नोंदवही

वस्तू आली त्याच दिवशी नोंद करा. सगळ्या बाजूंचे फोटो, मापं, वजन, प्रत्येक खूण, कोणाकडून आली, त्याच्याकडे कुठून आली, आणि तुम्ही केलेली ताडणी. विक्रेत्याचं पत्र, पावती, लिलावाच्या यादीतलं पान, सगळं एकत्र. विक्रेता खलाशाच्या कुटुंबातला असेल तर त्याच्याकडून सहीसह चार ओळी लिहून घ्या: माणसाचं नाव, हुद्दा, जहाजावरचा काळ आणि वस्तू घरात कशी आली. नोंदीत ‘सिद्ध’, ‘संभाव्य’ आणि ‘फक्त सांगितलेलं’ असे तीन भाग वेगळे ठेवा. पुढच्या मालकाला हे तीन एकत्र झालेले मिळाले की बनावट इतिहास तिथूनच जन्मतो.

वस्तूवर थेट काही लिहू नका. क्रमांकाची चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधा. पत्रं, फोटो आणि नावं असलेले कागद स्कॅन करून त्या जहाजाच्या माजी खलाशांच्या संघटनेला किंवा संग्रहालयाला पाठवा. त्यांच्याकडे उरलेला अर्धा फोटो, त्याच खलाशाचं दुसरं पत्र असण्याची शक्यता खरी असते. आणि मूळ वस्तू पुढे कोणाकडे जावी हे नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून घरच्यांना ते पान दाखवून ठेवा.